न दिसणारे डाग आणि हातातला अतिनील दिवा

वाळलेले मूत्र, लाळ, सांडून पुसलेले तेल, दाण्याच्या भेगेतली बुरशी, धुण्यातून नीट न निघालेली साबणपूड यांचे डाग दिवसाच्या उजेडात बहुधा दिसत नाहीत. अतिनील प्रकाशात त्यांतले बरेचसे उजळून निघतात, आणि हा प्रकाश देणारा दिवा आता सदऱ्याच्या खिशात मावतो. परभणीसारख्या जिल्ह्यात त्याची गरज पडणाऱ्या जागा थोड्याथोडक्या नाहीत. मोंढ्यातल्या आडतीवर नोट तपासायची असते, गोदामात उंदरांचा माग काढायचा असतो, सरकी किंवा मका घेताना बुरशीची शंका असते. गुरांच्या डॉक्टरांना कुत्र्याच्या कातडीवरचा नायटा पाहायचा असतो, तर रात्री पाळीने पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला बांधावरचा विंचू. ही सगळी कामे एकाच दिव्याने सारखी होत नाहीत. दुकानात किंवा ऑनलाइन घेताना लोक दिव्यावर किती एलईडी आहेत ते मोजतात आणि किंमत पाहतात. दिव्याची उपयुक्तता मात्र आधी तरंगलांबीवर, मग काचेच्या गाळणीवर आणि त्यानंतर ताकदीवर ठरते. एलईडींच्या संख्येचा क्रम शेवटचा.

अतिनील किरण म्हणजे दृश्य प्रकाशातल्या जांभळ्या टोकापलीकडचे किरण. जर्मनीत योहान रिटर यांनी १८०१ मध्ये चांदीचे क्षार काळे पडतात यावरून त्यांचा छडा लावला. सूर्यप्रकाशाचा पट्टा जिथे डोळ्यांना संपलेला दिसत होता, त्याच्या पुढच्या अंधाऱ्या जागेत क्षार सर्वांत वेगाने काळे पडत होते. काही पदार्थ असे किरण शोषून घेतात आणि लगेच कमी ऊर्जेचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये तिचा नियम सांगितला: बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत गेलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते. डाग शोधण्याची सारी युक्ती या नियमात आहे. दिव्याने टाकलेला प्रकाश डोळ्यांना दिसता कामा नये आणि डागाने परत दिलेला तेवढा दिसला पाहिजे. १९०३ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी दृश्य प्रकाश अडवून अतिनील तेवढा जाऊ देणारी गाळणी तयार केली. निकेल ऑक्साइड मिसळलेली अशी काळपट काच पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यावर बसवली, की ३६५ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडत. त्वचारोगतज्ज्ञ आजही ज्याला वुड्स लॅम्प म्हणतात तो हाच.

पाऱ्याचा दिवा तापे आणि त्याला वीजही बरीच लागे. निळा एलईडी साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच गॅलियम नायट्राइडच्या तंत्राने पुढे अतिनील एलईडी बनले आणि प्रयोगशाळेतला दिवा बॅटरीवर चालू लागला. स्वस्ताईबरोबर गोंधळही आला. आज ‘यूव्ही टॉर्च’ या एकाच नावाखाली एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या वस्तू विकल्या जातात.

अतिनील पट्टा १०० ते ४०० नॅनोमीटरचा आहे. त्यात ३१५ ते ४०० हा ‘ए’, २८० ते ३१५ हा ‘बी’ आणि त्याखालचा ‘सी’ विभाग. डाग शोधायला ‘ए’ विभागच लागतो. बाजारातले बहुतेक हातदिवे ३९५ किंवा ३६५ नॅनोमीटरचे असतात. आकड्यांत अंतर तीसच नॅनोमीटरचे असले तरी कामात ते फार मोठे ठरते. ३९५ चा एलईडी दृश्य प्रकाशाच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे त्यातून भरपूर जांभळा उजेड बाहेर पडतो. पांढऱ्या भिंतीवर तो टाकला की भिंत जांभळी होते, आणि फिकट चमकणारा डाग त्या जांभळ्यात बुडून जातो. ३६५ चा झोत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. फरशीवर थोडासा निळसर धुरकटपणा जाणवतो आणि चमकणारी जागा त्यातून स्पष्ट वर येते. शिवाय कमी तरंगलांबीच्या किरणात ऊर्जा अधिक असल्याने बऱ्याच पदार्थांना ३६५ जास्त चांगले चेतवतो. मूत्राचे जुने डाग, दाण्यावरची बुरशी, नोटेवरचे तंतू या सगळ्यांसाठी ३६५ च घ्यावा. ३९५ पुरेसा ठरेल अशी कामेही आहेत, ती पुढे येतील.

मात्र ३६५ लिहिलेला प्रत्येक दिवा चोख नसतो. या एलईडीतूनही थोडा पांढुरका-निळा उजेड गळतोच. तो अडवायला पुढे काळपट जांभळी काच लागते. विक्रेते तिला झेडडब्ल्यूबी-२ म्हणतात. ती वुड यांच्या काचेच्याच कुळातली. बंद दिव्याच्या तोंडात डोकावल्यावर काच आरशासारखी काळी दिसली, तर गाळणी आहे. आतला पिवळसर एलईडीचा ठिपका स्वच्छ दिसला, तर नाही. काही स्वस्त दिव्यांत नुसते जांभळे प्लास्टिक बसवलेले असते. ते उजेडाला रंग देते, पण नको तो प्रकाश अडवत नाही, उलट अतिनील किरणांतला काही भाग स्वतःच गिळते. गाळणी असलेला ३६५ चा दिवा आणि गाळणी नसलेला ३६५ चा दिवा एकाच गादीवर फिरवून पाहिला, तर पहिल्यात डागाची कड रेखल्यासारखी दिसते आणि दुसऱ्यात तिचा अंदाज बांधावा लागतो. थोडे पैसे जास्त गेले तरी ते या काचेवर जाणे योग्य.

ताकदीचा हिशेब सोपा आहे, पण जाहिरात तो उलटा मांडते. पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीला साधारण २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह लागतो, म्हणजे तो वॅटचा पंधरावा भाग जेमतेम ओढतो. असे ५१ किंवा १०० एलईडी दाटीवाटीने बसवले, की दिवा भारदस्त दिसतो. पण ते बहुधा ३९५ चे असतात, आणि तीन साध्या पेन्सिल सेलवर त्या सगळ्यांना पुरेसा प्रवाह मिळतही नाही. त्याउलट धातूच्या पाटीवर बसवलेला तीन ते पाच वॅटचा एकच ३६५ चा एलईडी आणि त्यामागे नीट घासलेली परावर्तक वाटी असली, की झोत खूपच दमदार येतो. झोताची रुंदीही कामानुसार हवी. गादी, सतरंजी, न्हाणीघराची फरशी यांना पसरट झोत सोयीचा. गोदामातल्या थप्पीच्या वरच्या पोत्यांकडे किंवा बांधाच्या पलीकडे पाहायचे तर अरुंद. अंतर दुप्पट झाले की प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो, म्हणून डाग पाहताना दिवा हातभर अंतरावर धरणे हे ताकदवान दिवा घेण्याइतकेच महत्त्वाचे.

बॅटरीच्या बाबतीत फसवणूक सर्रास चालते. चांगल्या दिव्यांत १८६५० हा लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. या आकारात जास्तीत जास्त ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास वीज मावते. त्यावर ९९०० किंवा १२००० छापलेले असेल, तर तो आकडा निव्वळ खोटा आहे, आणि ज्या विक्रेत्याने तो छापला त्याच्या ‘३६५’ वरही विश्वास ठेवू नये. भारनियमनाच्या गावात यूएसबीवर, प्रसंगी पॉवर बँकेवर चार्ज होणारा दिवा सोयीचा. मात्र ज्याला वर्षातून दोनदाच दिवा लागतो, त्याने साध्या सेलचा घेऊन सेल काढून ठेवावेत, कारण पडून राहिलेली लिथियम बॅटरी खोलवर उतरली की पुन्हा नीट चार्ज होत नाही.

दुकानाच्या काउंटरवरच दिव्याची परीक्षा घेता येते. त्यासाठी खिशातली एक नोट आणि झेरॉक्सचा एक कोरा कागद पुरतो. झेरॉक्सच्या कागदात सफेदी वाढवणारी प्रतिदीप्त रसायने असतात, म्हणून तो निळसर पांढरा झगझगतो. नोटेच्या कागदात ती नसतात. रिझर्व्ह बँकेच्या वर्णनानुसार नोटेच्या क्रमांकाची शाई प्रतिदीप्त असते आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू अतिनील दिव्याखाली दिसतात. काउंटरखाली, हाताच्या ओंजळीच्या अंधारात नोट धरून दिवा लावावा. नोटेचा कागद काळपट राहून तंतू आणि क्रमांक स्पष्ट उठले, तर दिवा कामाचा. सगळी नोटच जांभळी झाली आणि तंतू शोधावे लागले, तर तो ३९५ चा आहे किंवा त्याला गाळणी नाही, वेष्टनावर काहीही छापलेले असो. हळदीचे पाणी हिरवट पिवळे किंवा बी-कॉम्प्लेक्सची विरघळलेली गोळी पिवळी चमकणे ही परीक्षा मात्र काही सांगत नाही. हे पदार्थ इतके जोरात चमकतात, की वाईट दिव्यातही ते उत्तीर्ण होतात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काच चिकटवायचा गोंद वाळवायला जो जांभळा दिवा असतो, तो उसना आणून डाग शोधण्याचाही उपयोग नाही. गोंदाला दृश्य जांभळा प्रकाश चालतो, डाग शोधायला तोच अडथळा ठरतो.

घरातले डाग हा या दिव्याचा सर्वांत नेहमीचा वापर. लहान मुलाने गादीवर केलेली शू, मांजराने दाराच्या कोपऱ्यात सोडलेली धार, न्हाणीघरातले शिंतोडे वाळल्यावर पिवळट किंवा हिरवट-निळे दिसतात. ही चमक मूत्रातल्या फॉस्फरसची असते असे सर्रास सांगितले जाते, ते चुकीचे आहे. ती मुख्यतः जीवनसत्त्व बी-२ आणि ट्रिप्टोफॅनसारख्या अमिनो आम्लांच्या विघटनातून उरणाऱ्या संयुगांची असते. ओला डाग फिका दिसतो, वाळून दाट झालेला उठून दिसतो. वीर्याचा डाग निळसर पांढरा चमकतो. तो ३६५ मध्ये दिसतो खरा, पण न्यायवैद्यक तज्ज्ञ त्यासाठी ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आणि नारिंगी चष्मा वापरतात, कारण त्या जोडीत तो जास्त स्पष्ट होतो. लाळ आणि घाम यांची चमक इतकी मंद असते, की घरगुती दिव्यात ती हुकण्याचीच शक्यता अधिक.

रक्त चमकत नाही, आणि हा मुद्दा सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. रक्तातले हिमोग्लोबिन अतिनील आणि जांभळा प्रकाश शोषून घेते. त्याचे शोषण ४१५ नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक असते. म्हणून रक्ताचा डाग अतिनील दिव्याखाली काळा, आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. चित्रपटात निळी झगमगणारी फरशी दिसते ती ल्युमिनॉल या रसायनाच्या फवाऱ्याने, आणि त्या चमकेला दिवा लागतच नाही.

पांढऱ्या कपड्यावर आणखी एक गुंता होतो. टिनोपॉल मराठी घरांत कित्येक वर्षांपासून ओळखीचे आहे, आणि आता तर बहुतेक धुण्याच्या पावडरींत तसल्या रसायनांचा अंश असतोच. ती अतिनील शोषून निळा प्रकाश देतात, म्हणूनच कापड दिवसा जास्त पांढरे दिसते. रात्री दिव्याखाली अशी चादर आख्खी निळी पेटते. तिच्यावरचा मूत्राचा डाग तेव्हा चमकदार दिसत नाही. त्या निळ्या उजेडात तो पिवळट, मळकट ढगासारखा दिसतो, कारण डागाचा थर खालच्या चमकेला झाकतो. म्हणजे रंगीत सतरंजीवर उजळ जागा शोधायची आणि पांढऱ्या चादरीवर मंद जागा. पुसलेल्या फरशीवर फिनेलच्या किंवा साबणाच्या फटकाऱ्यांचे पट्टेही चमकतात. त्यांचा आकार फडक्याच्या हाताचा असतो, थेंबाचा किंवा ओघळाचा नसतो. चमक पाहण्याआधी आकार पाहण्याची सवय लावली, की निम्म्या चुका टळतात. डाग सापडला की त्याभोवती खडूने रेघ मारून दिवे लावावेत आणि मग धुवावे. मूत्राच्या डागावर ब्लीच ओतू नये. त्यातल्या अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनची विषारी वाफ निघते.

गोदामातला उपयोग परभणीच्या अर्थव्यवहाराला जास्त जवळचा आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी यांची थप्पी महिनोन्‌महिने पडून राहते आणि उंदीर-घुशी तिच्यावर जगतात. त्यांचे ठरलेले रस्ते असतात. भिंतीच्या कडेने, थप्पीच्या खालच्या ओळीवरून, शटरच्या फटीतून ते जातात आणि जाताना मूत्राचे थेंब टाकतात. ताजे थेंब ३६५ च्या प्रकाशात निळसर पांढरे, जुने पिवळट पांढरे दिसतात. थेंबांची माळ ज्या दिशेला दाट होत जाते, तिकडे बीळ असते. पिंजरा किंवा विषाची गोळी मधोमध टाकण्यापेक्षा त्या माळेवर ठेवली तर काम होते. एवढ्यासाठी दिवा विकत घेतला तरी तो वसूल होतो.

पण बारदान्यावर फार जपून निदान करावे लागते. ताग मऊ करताना कारखान्यात त्याला खनिज तेल लावतात, आणि खनिज तेल स्वतः निळसर चमकते. त्यामुळे नव्या गोणपाटावर ठिकठिकाणी जे चट्टे दिसतात ते उंदराचे असतीलच असे नाही. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांची शिवण आणि छपाईही चमकते. इंजिनच्या तेलाचे, ग्रीसचे थेंबही निळे दिसतात, आणि ट्रॅक्टर-टेम्पो आत येणाऱ्या गोदामात ते असतातच. उंदराच्या खुणेची ओळख अशी: थेंब लहान, एका रांगेत, जोडीला केस आणि लेंड्या. अन्नतपासणीत चमकेवर न थांबता संशयित जागेची युरिएज चाचणी करतात. या विकरामुळे युरियाचे विघटन होते आणि दर्शक कागदाचा रंग पालटतो. राज्य वखार महामंडळाच्या किंवा खाजगी गोदामात माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याने केवळ चमक दाखवून वाद घालू नये, तसे गोदामवाल्यानेही चमक दिसली नाही म्हणून माल स्वच्छ असल्याची हमी देऊ नये.

बुरशीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी आणि तिचे विष सापडले. त्या विषाचे नाव अफलाटॉक्सिन. त्याच्या प्रकारांची बी आणि जी ही अक्षरे अतिनील दिव्याखाली दिसणाऱ्या निळ्या आणि हिरव्या रंगांवरून पडली. भारतात १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला बुरशीचा मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ आली आणि १०६ माणसे दगावली. रोजच्या स्वयंपाकाच्या आचेने हे विष नष्ट होत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तृणधान्यांसाठी किलोला १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. दुधातल्या एम-१ प्रकारासाठी ती ०.५ आहे.

दुधाचा हा आकडा परभणीला थेट लागू पडतो. मानवत, सेलू, पाथरीकडच्या जिनिंगमधून निघालेली सरकी तेलगिरणीत जाते आणि तिची पेंड म्हशीच्या दावणीत येते. पेंड ओलसर राहून बुरशी धरली, तर विष म्हशीच्या पोटातून दुधात उतरते. गोदाकाठच्या दमट गोठ्यांत, पावसाळ्यात, जमिनीला टेकून ठेवलेल्या पोत्यांत हा धोका वाढतो. अशा सरकीवर किंवा मक्यावर ३६५ चा झोत टाकला, तर बुरशीची लागण असलेल्या जागी तळपता हिरवट-पिवळा रंग दिसू शकतो. मक्याचे दाणे अख्खे न पाहता भरडून पाहावेत, कारण चमक बहुधा अंकुराच्या बाजूला, सालीखाली लपलेली असते. मूठभर भरडा काळ्या कागदावर पातळ पसरायचा, खोली पूर्ण अंधारी करायची आणि दिवा वीतभर वरून फिरवायचा. निरोगी पीठ फिकट निळे दिसते. लागणीचा कण त्यात काजव्यासारखा वेगळा कळतो.

ही चमक विषाची नव्हे. बुरशी कोजिक आम्ल तयार करते आणि जिवंत दाण्यातले पेरॉक्सिडेज हे विकर त्याचे चमकणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. म्हणून शेतात, दाणा जिवंत असताना लागण झाली तर चमक दिसते. नंतर गोदामात वाढलेल्या बुरशीची चमक नसेलही, आणि विष मात्र असेल. साठवणीत चमक हळूहळू ओसरते ते वेगळेच. म्हणजे चमक दिसली तर माल प्रयोगशाळेत पाठवण्याचे कारण मिळते, आणि दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत तर दिव्यापेक्षा निवड अधिक खात्रीची. सुरकुतलेले, काळपटलेले, फुटके दाणे वेचून बाजूला काढले की विषाचा मोठा भाग त्यांच्याबरोबर निघून जातो. ज्वारीलाही हा दिवा उपयोगाचा नाही. ऐन काढणीत पाऊस लागून खरीप ज्वारी काळी पडते ती बहुतांशी दुसऱ्या बुरश्यांनी, आणि त्यांतल्या फ्युमोनिसिनसारख्या विषांना स्वतःची चमक नसते. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच्या छत्राखाली अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही आहे. अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत नमुन्यातले विष द्रावकाने वेगळे काढून पातळ थराच्या पट्टीवर चढवतात, आणि तिथे ३६५ च्या दिव्याखाली जे निळे-हिरवे ठिपके दिसतात ते मात्र खरोखर अफलाटॉक्सिनचे असतात. हातातल्या टॉर्चला ते काम जमत नाही, आणि जमते असा दावा करणारी जाहिरात जिवाशी खेळणारी आहे.

कातडीवरचे डाग पाहण्याचा मार्ग या दिव्याला १९२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये सापडला. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने केस धरले, की ते सफरचंदी हिरवे चमकतात. कुत्र्या-मांजरांचा नायटा असा पटकन कळतो, तरी या बुरशीचे सगळेच प्रकार चमकत नाहीत. वासरांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर जे राखाडी चकते येतात ते ट्रायकोफायटन व्हेरुकोसमचे, आणि ते मुळीच चमकत नाहीत. पशुपालकाने दिवा मारून चमक नाही म्हणून वासरू निरोगी ठरवणे चुकीचे. हा नायटा माणसाला लागतो. माणसांत कोडाचे पांढरे चट्टे वुड्स लॅम्पखाली निळसर पांढरे उठतात. गोऱ्या कातडीवर, जिथे ते साध्या उजेडात दिसत नाहीत, तिथे डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. पण निदान डॉक्टरांचे. घरच्या टॉर्चने कोडाची शंका काढून एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी मोडणे हा अन्याय आहे, कारण मलमाचा, पावडरीचा किंवा साबणाचा थरही तसाच चमकतो.

विंचवाच्या बाबतीत मात्र दिवा जवळजवळ अचूक आहे. विंचवाच्या कवचातल्या बीटा-कार्बोलीनसारख्या संयुगांमुळे तो अतिनील प्रकाशात हिरवट-निळा झगझगतो, आणि दगडाच्या सांदीत बसलेली इंगळीही पाच-सहा हातांवरून दिसते. नुकतीच कात टाकलेला विंचू तेवढा चमकत नाही. इथे ३९५ चा दोन-चारशे रुपयांचा दिवाही पुरतो. महाराष्ट्रात लाल विंचवाचा दंश जीवघेणा ठरत आला आहे. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये त्याच्या लक्षणांवर लिहिले, आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आणले. दंश टाळण्यासाठी रात्रीच्या पाण्याला जाताना, शेतातल्या खोलीत अंथरूण घालण्याआधी आणि कडब्याच्या गंजीत हात घालताना हा दिवा फिरवून पाहणे शहाणपणाचे. जोडीला साधी पांढरी विजेरी हवीच. घोणस, मण्यार आणि फुरसे या दिव्यात उठून दिसत नाहीत, आणि जांभळ्या उजेडात पाय टाकणारा माणूस विंचू चुकवून सापावर जाऊ शकतो.

नोटांचा विषय वर आलाच आहे. आडतीच्या गल्ल्यासाठी झोत अरुंद असून चालतो, पण दिवा सतत लावून ठेवायचा असेल तर हातातल्या टॉर्चपेक्षा टेबलावरची पेटी बरी. एसी आणि गाड्यांच्या गॅरेजमध्ये गळती शोधायला तेलात चमकणारा रंग मिसळतात. तो रंग निळसर उजेडातही पेटतो, म्हणून तिथे पिवळा चष्मा आणि ३९५ ते ४०० चा दिवा चालतो.

गुन्ह्याच्या जागी घरगुती दिवा काढू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाणे बंधनकारक केले आहे. या कामासाठी नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. तज्ज्ञ येईपर्यंत कुणी डाग शोधत फिरले, तर पायांनी आणि हातांनी पुरावा बिघडतो, आणि ‘इथे चमकले’ या साक्षीला न्यायालयात वजन नसते.

डोळ्यांची काळजी हा दुय्यम विषय मानू नये. ३६५ चा झोत दिसत नसल्याने बाहुली आकुंचन पावत नाही आणि माणूस पापणी मिटत नाही. डोळ्यातले भिंगही या प्रकाशात थोडे चमकते, म्हणून समोर धुके आल्यासारखे वाटते. पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक सुरक्षा-चष्मा दहापट महागड्या दिव्यापेक्षा उपयोगी: तो हे किरण अडवतो, डोळा सांभाळतो आणि धुकेही हटवतो. मुलांच्या, जनावरांच्या डोळ्यांवर किंवा आरशावर झोत टाकू नये, आणि स्टीलच्या भांड्यांवरून परतणारा झोतही ध्यानात धरावा. ‘निर्जंतुक करणारा’ म्हणून विकला जाणारा २५४ नॅनोमीटरचा ‘सी’ विभागाचा दिवा डाग शोधायला मुळीच घेऊ नये. त्याने काही क्षणांत डोळ्याचे पारपटल भाजते. चष्म्याशिवाय वेल्डिंग पाहिल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, तसाच हा त्रास. जाहिरातीत ‘डागही दिसतील, जंतूही मरतील’ असे दोन्ही असेल, तर ती वस्तू सोडून द्यावी.

वापरताना अंधार पूर्ण हवा. रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप, टीव्हीचा ठिपका, राऊटरचा हिरवा दिवा एवढ्यानेही मंद डाग बुडतात. खोली बंद करून पाच-दहा मिनिटे डोळे सरावू द्यावेत, मग दिवा तिरका धरून सावकाश फिरवावा. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर मोबाइल कशावर तरी टेकवून ठेवावा आणि फ्लॅश बंद करावा. फोटोतले रंग डोळ्यांना दिसलेल्या रंगांपेक्षा वेगळे येतात, म्हणून नोंद लेखी ठेवावी: जागा, आकार, रंग.

परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहतो, आणि बंद गाडीच्या काचेमागे तो त्याहून कितीतरी चढतो. लिथियम सेलचा दिवा तिथे ठेवू नये. बरीच ताकद असलेला दिवा सलग लावून ठेवला तर तापून त्याचा प्रकाश घटतो, म्हणून दोन-तीन मिनिटांनी विश्रांती द्यावी. गाळणीची काच तेलकट बोटांनी धरली तर बोटांचा ठसाच चमकून झोतात डाग पाडतो. ती सुक्या सुती फडक्याने पुसावी, टिनोपॉल लावलेल्या फडक्याने नव्हे. पावसाळ्यात दमट हवेने काही काचांवर पांढुरकी बुरसट साय धरते. अशी काच बदलून मिळेल का, हे बिल घेतानाच विचारून ठेवावे.